ऐक्योदयम बँकेच्या दोन सोंडा

माणसाचं वय झालं की त्याला संधिवात होतो आणि संस्थेचं वय झालं की तिला नवं बोधचिन्ह होतं. दोन्हींवर औषध नाही. मात्र संधिवाताचं अनावरण कुणी पाहुण्यांच्या हस्ते करत नाही आणि त्याची एकशे बासष्ट पानी पुस्तिका निघत नाही.

आमच्या त्रिचूरच्या ऐक्योदयम बँकेला हे दुखणं एकशे चौथ्या वर्षी लागलं. तोवर तिची प्रकृती ठणठणीत होती, म्हणजे तिच्याबद्दल वर्तमानपत्रात अवाक्षर छापून येत नव्हतं. १९१९ साली पाच गृहस्थांनी ती काढली: एक भातगिरणीवाला, एक लाकडाचा व्यापारी, एक वकील, एक वैद्य आणि एक खाणावळवाला. या पाचांचं एकाच बाबतीत एकमत होतं, ते म्हणजे बाकीच्या चौघांवर डोळा ठेवायला हवा. बँकेला याहून भक्कम पाया सापडणं कठीण.

बोधचिन्हात प्रत्येकानं आपापली वस्तू घुसवली. गिरणीवाल्यानं भाताची लोंबी, व्यापाऱ्यानं हत्ती (लाकडं तोच ओढायचा), वकिलानं किल्ली, वैद्यानं खल, खाणावळवाल्यानं समई. सहावी वस्तू नारळाचं झाड. (ते कुणी सुचवलं याची नोंद नाही. केरळात चित्रात नारळाचं झाड काढावं लागत नाही, नको असेल तर पुसावं लागतं.) या सगळ्याखाली संस्कृतात ब्रीद होतं: ‘शनैः शनैः’. काउंटरवरच्या तीन पिढ्यांनी त्या ब्रीदाला कधी बट्टा लागू दिला नाही.

पासबुकावर हे सगळं अंगठ्याच्या नखाएवढं छापलं की झुरळ चिरडल्यासारखं दिसे. पण आमच्या माणसाला तो डाग दिसला की हायसं वाटायचं. मुलीच्या लग्नाचे पैसे त्या डागाखाली, आईच्या औषधाचे त्या डागाखाली. डाग जागच्या जागी आहे म्हणजे पैसेही असणार, असा साधा हिशेब होता.

मग गुडगावहून अनिमेष टंडन नावाचे नवे कार्यकारी संचालक आले. वय चव्वेचाळीस. याआधी त्यांनी एक बिस्किट, एक गादी आणि एक विमान कंपनी सुधारली होती. (विमान कंपनी आता नाही, पण तिचं चिन्ह अजून झकास आहे.) त्यांनी आल्या आल्या पाहणी करवली. बंगळुरूतल्या सहाशे तरुणांना जुनं चिन्ह दाखवून ‘हे कशाचं?’ असं विचारलं. एकतीस टक्के म्हणाले केसांचं तेल. सत्तावीस टक्के सर्कस. अठरा टक्के अगरबत्ती, चौदा टक्के देवस्थान, नऊ टक्क्यांनी उत्तर देण्याआधी काही फुकट मिळणार आहे का ते विचारलं. उरलेल्या एक टक्क्यानं, म्हणजे सहा जणांनी, ‘बँक’ असं बरोबर सांगितलं. चौकशीअंती सहाही जण त्रिचूरचे निघाले, तेव्हा ती उत्तरं बाद करण्यात आली.

चिन्ह बदलायचं ठरलं. आता कुठलंही काम ठरलं की त्यात कुणीतरी स्थानिक माणूस लागतो, पुढेमागे बोट दाखवायला. असा माणूस मुख्य कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर एकच उरला होता. कुंजुवरीत, वरिष्ठ व्यवस्थापक, लेखनसामग्री व फर्निचर विभाग. राहणार ओल्लूर, म्हणजे शहराला लागूनच.

कुंजुवरीतची चौतीस वर्षांची नोकरी आणि तेरा बदल्या झाल्या होत्या. रांची, दिमापूर, झाशी, पुन्हा रांची. मुलगी कधी चालायला लागली ते त्याला पत्रातून कळलं, तिला साखरपुड्यात रडताना बघितलं ते फोनवर. दोन वर्षांपूर्वी एकदाचा तो घरी आला, तेव्हा घरचा कुत्रा चार महिने त्याच्यावर भुंकत होता. आता नुसता बघायचा. बायको थ्रेसिया कालवण दोघांपुरतं करायला शिकली होती. संध्याकाळी पायरीवर बसून कोमट पाण्यात पाय सोडायचे, चर्चची घंटा ऐकायची आणि बायकोची बोलणी खायची, यापलीकडे त्याला जगाकडून काही नको होतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. ते चौदा महिने त्या पायरीवर काढायचे, एवढी एकच हाव त्या माणसाला होती.

आणि टंडनसाहेबांच्या डाव्या खणात त्याच्या चौदाव्या बदलीचं पत्र तयार पडलं होतं. गाव सिलिगुडी. सहीची जागा तेवढी मोकळी होती, हे त्याला ठाऊक होतं.

“तुम्हाला स्थानिक संवेदना अधिकारी नेमतोय, कुंजू,” साहेब म्हणाले. (आमच्याकडे कुंजू म्हणजे तान्हं बाळ. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला या नावानं हाक मारणारे ते पहिलेच.) “तुमच्या लोकांच्या भावना दुखावणार नाहीत, एवढं बघायचं.”

“बघतो सर.”

“लवकर बघा. मंगळवारी मंजुरी आहे.”

मंगळवारी सभागृहात पडदा लावून बंगळुरूच्या सल्लागार कंपनीची तारिणी नावाची हुशार मुलगी उभी राहिली. दिवे मंदावले. पडद्यावर दोन कमानदार रेषा उगवल्या. एक केशरी, एक निळी. दोन्ही खालून निघून एकमेकींसमोर आलेल्या, टोकं वर उचललेली, जवळजवळ टेकणारी पण न टेकलेली.

“केशरी रेषा म्हणजे ग्राहकाची आकांक्षा,” तारिणी म्हणाली, “निळी म्हणजे बँकेचं आश्वासन. आणि दोघींमधली ही मोकळी जागा, हा आमच्या कामाचा गाभा आहे. हा संवाद आहे.” (पुढे बिल आलं तेव्हा कळलं की रेषांचे पैसे थोडेच होते, बराचसा आकार मोकळ्या जागेचा होता.)

टाळ्या झाल्या.

त्रिचूरमधलं तीन वर्षांचं पोरही ते चित्र ओळखेल. पूरमच्या, म्हणजे आमच्या देवळांच्या हत्तींच्या उत्सवाच्या, दुसऱ्या दिवशी, सगळे ढोल वाजून, सगळी शोभेची दारू उडवून झाली, की दोन्ही देवळांचे म्होरके हत्ती समोरासमोर येतात आणि सोंडा वर करून एकमेकांचा निरोप घेतात. त्याला उपचारम म्हणतात. लाखभर माणसं ते बघायला उन्हात ताटकळतात, डोळे पुसतात आणि घरी जातात. त्याचा अर्थ एकच: संपलं. शिल्लक काही नाही. आता आपापल्या घरी चला.

म्हणजे एकशे चार वर्षांची बँक आपल्या केरळातल्या चारशे बारा शाखांच्या दारावर, केशरी आणि निळ्या रंगात, ‘येतो आम्ही’ असं लिहिणार होती.

त्याच्यापुढे संवेदना-पडताळणी पत्रक सरकवण्यात आलं. सदर आकृती स्थानिक संस्कृतीत खालीलपैकी कशासारखी दिसते काय: (अ) देवदेवता, (आ) राजकीय पक्षाची निशाणी, (इ) शरीराचा झाकण्याजोगा अवयव, (ई) अन्य बँक. कुंजुवरीतनं प्रामाणिकपणे चारही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. निरोपासाठी रकाना नव्हता, आणि रकाना नसेल तिथे लिहायचं नाही हे त्याला चौतीस वर्षांनी शिकवलं होतं.

“तोंडी काही मत, कुंजू?”

कुंजुवरीतनं पडद्याकडे पाहिलं. मग त्याला साहेबांच्या टेबलाचा डावा खण आठवला.

“सर, लोकांना बघितल्याबरोबर कळेल.”

“शाब्बास!” साहेब म्हणाले, आणि हे वाक्य त्याच्या नावासकट इतिवृत्तात घेण्यात आलं.

घरी थ्रेसिया पायरीवर बसून तारल्या साफ करत होती. त्यानं विजेच्या बिलामागे दोन रेषा काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

“हे काय वाटतं गं?”

तिनं सुरीसुद्धा खाली ठेवली नाही. “उपचारम. कोण चाललंय?”

“कुणी नाही. बँकेचं नवं चिन्ह आहे.”

“मग बँक चालली.”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. उद्या जाताना माझी ठेव तेवढी मोडून आणा.” मग तिनं मान वर केली. “अहो, तुम्ही तिथेच होतात ना? तोंड शिवलं होतं?”

“बोललो असतो तर सिलिगुडी.”

दोन मासे साफ झाले. “सिलिगुडीत मासे मिळतात?”

“मिळतात. नदीतले.”

“नदीतले!” थ्रेसिया म्हणाली. “बरं केलंत नाही बोललात ते.”

एका रविवारात चारशे बारा पाट्या बदलल्या. व्यवस्थापनाच्या कार्यक्षमतेचं हे उदाहरण प्रशिक्षण केंद्रात अजून शिकवतात. सोमवारी सकाळी राउंडवरच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या गोल रस्त्यावरच्या, मुख्य शाखेवर हा एवढा मोठा फलक झळकत होता आणि खाली फुटपाथवर पंचवीसेक माणसं माना वर करून उभी होती. पूरमला उभी राहतात तशीच, थोडी हळवी होऊन उभी होती.

दहाला दार उघडलं. पहिला आत आला तो पोरिंजू, गावातला एक भातगिरणीवाला, साठ वर्षं जुना खातेदार. हातात केळ्याच्या कापांची दोन किलोची पिशवी होती.

“वरीदेट्टा,” (म्हणजे वरीतभाऊ) त्यानं संवेदना अधिकारी म्हणून दारात उभ्या असलेल्या कुंजुवरीतचे दोन्ही हात धरले, “वाईट वाटलं रे. पण सांगून निघालात हे फार चांगलं केलंत. हल्ली बँका न सांगता जातात.”

“पोरिंजू, कुणी कुठे जात नाहीये.”

“तुला असंच बोलायला सांगितलं असणार, कळतंय मला. घरी बायकोपोरांना काप दे. आणि माझं तेवढं सगळं काढून दे.”

त्याच्यामागे सुभद्रा टीचर होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या शहराला त्यांनी पाढे शिकवले होते आणि शाखाधिकाऱ्याला दोनदा नापास केलं होतं. त्यांनी ठेवीची पावती पुढे केली आणि म्हणाल्या, “किती सुंदर निरोप घेतला तुम्ही. माझ्या भावानं अमेरिकेला जाताना एवढंही केलं नव्हतं.” आणि त्या खरंच रडल्या. त्यांना रडताना पाहून कॅशियर रडला. पैसे मात्र दोघांनी दोनदा मोजून घेतले.

जगात बँका बुडाल्याच्या वावड्या उठतात तेव्हा काचा फुटतात, पोलीस येतात. आमच्याकडे तसलं काही झालं नाही. पहिल्या तीन दिवसांचा अधिकृत अहवाल असा: धक्काबुक्की शून्य. अपशब्द एक (तोही छत्रीचं टोक लागलं म्हणून). केळ्याचे काप सव्वातीन क्विंटल. फणसाच्या वड्या चाळीस डबे. शाल पांघरून सत्कार झालेले कर्मचारी सत्तावीस. अश्रू ढाळलेल्या व्यक्ती अकराशे. आणि बाहेर गेलेल्या ठेवी दोनशे बारा कोटी, हसतमुखानं.

टंडनसाहेबांनी तातडीनं पावलं उचलली. पहिलं पाऊल म्हणजे सर्व वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात: ‘आम्ही कुठेही जात नाही!’ पोरिंजूनं ती चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवली आणि घडी घालून म्हणाला, “काल नुसता संशय होता.” जो माणूस कुठे जात नसतो तो तसं ओरडून सांगत नाही, एवढं आमच्याकडे सगळ्यांना समजतं. त्या दिवशी एकोणनव्वद कोटी गेले.

दुसरं पाऊल तारिणीच्या कंपनीनं (वेगळं बिल लावून) उचललं. राउंडवरच्या फलकावर प्रयोग म्हणून दोन्ही रेषा एकमेकींकडे पाठ करून बसवल्या. दुपारपर्यंत शहरभर झालं: मालकांत भांडण आहे. मग सोंडा समोरासमोरच ठेवून टोकं खाली वळवली. सुभद्रा टीचरनी चष्मा पुसून पाहिलं. सोंड खाली म्हणजे हत्ती खातायत. कुणाचं खातायत? आणखी साठ कोटी गेले. शेवटी साधेपणा हाच आधुनिकतेचा आत्मा आहे असं ठरून निळी रेषा काढूनच टाकली आणि एकटी केशरी ठेवली. लोक म्हणाले, एक गेलासुद्धा.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी साहेबांनी कुंजुवरीतला बोलावलं. टेबलावर इतिवृत्त उघडं होतं.

“तुम्हीच म्हणालात, लोकांना बघितल्याबरोबर कळेल.”

“कळलं ना, सर.”

साहेबांनी डावा खण उघडला, पत्र काढलं, पेनचं टोपण काढलं. “सोमवारपर्यंत लोक परत आले नाहीत, तर मंगळवारी तुम्ही सिलिगुडीत.”

त्या संध्याकाळी कुंजुवरीत पायरीवर बसला पण पाण्यात पाय सोडायचं त्याला सुचलं नाही. थ्रेसियानं घंगाळ आणून ठेवलं, पाणी निवून गेलं.

“मला नाही जायचं गं,” तो एकदम म्हणाला. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदा उच्चारलं. “तेरा वेळा गेलो, एकदा तोंडातून शब्द काढला नाही. आता नाही जायचं मला.”

“मग रडत काय बसलात, डोकं चालवा.” तिचाही आवाज चिरकला होता, म्हणून तिनं तो वाढवला. “सोंडा खाली काय, पाठमोऱ्या काय! खुळे की काय तुम्ही सगळे? उपचारम झाल्यावर लोक सुखानं घरी का जातात?”

“का जातात?”

“अहो, पुढच्या पूरमची तारीख लागते म्हणून! तारीख लागली नाही तर कोण हलेल तिथून? तुम्ही निरोप घेतलात आणि तारीखच नाही सांगितलीत. असा निरोप फक्त मयताचा घेतात.”

कुंजुवरीत पायरीवरून उठला तो सरळ आत टेबलाशी गेला.

शुक्रवारी त्यानं टिप्पणी सादर केली. विषय: बोधचिन्हाखाली पुनर्भेट-दिनांक नमूद करणेबाबत. साहेबांना त्यातलं एक अक्षर पटलं नाही, पण तोवर ठेवी इतक्या हलक्या झाल्या होत्या की न पटणारी गोष्ट करणं परवडण्यासारखं होतं. शनिवारी निळी सोंड परत आली, दोन्ही टोकं वर गेली आणि खाली एक ओळ आली: ‘पुढील वर्षी, चिंगम १’. (चिंगम हा आमच्या वर्षाचा पहिला महिना.)

त्या तारखेला काय होणार आहे हे कुणी विचारलं नाही. पूरमला तरी काय होणार ते कुठे कुणी विचारतं! पोरिंजूनं मान वर करून ओळ वाचली आणि बाजारभर ओरडत गेला, “तारीख लागली! तारीख लागली!” सोमवारी नऊलाच रांग होती, आता आत टाकायला. पोरिंजूनं चिंगमच्या एक दिवस अलीकडे संपणारी ठेव केली, म्हणजे त्या दिवशी काढून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवायचं. सुभद्रा टीचरनी सगळी रक्कम आणली. काप आणि वड्या कुणी परत मागितल्या नाहीत. महिनाअखेर ठेवी पूर्वीपेक्षा नऊ टक्के जास्त भरल्या.

टंडनसाहेबांना मुंबईला ‘जनमनाशी जोडलेलं चिन्ह’ म्हणून ढाल मिळाली. भाषणात त्यांनी मोकळ्या जागेचे आभार मानले. परत आल्यावर त्यांनी कुंजुवरीतला बोलावलं, डावा खण उघडला आणि सिलिगुडीचं पत्र त्याच्यासमोर टराटरा फाडलं. कुंजुवरीतचे डोळे भरून आले. तो उठायला लागला.

“थांबा, कुंजू. असा माणूस फर्निचर विभागात सडवणार नाही मी.” आणि साहेबांनी उजवा खण उघडला.

त्यात बढती होती. कुंजुवरीत आता राष्ट्रीय संवेदना प्रमुख झाला होता. पुढल्या महिन्यात नवं चिन्ह महाराष्ट्रातल्या अडतीस शाखांत लागणार होतं आणि तिथल्या लोकांना त्यात काय दिसतं हे आधी तपासणं भाग होतं. मुक्काम पुणे. मुदत, उरलेले सगळे महिने.

“आणि सर, तिथल्या लोकांनी हरकत घेतली तर?”

“मग चिन्ह तिथे थांबवू, तुम्ही इकडे परत या, इथेच बसून नवं करू. एक जरी खरी हरकत आली ना, तरी मी मागे घेईन. पोळलोय मी.”

थ्रेसियानं या वेळी माशांचं विचारलं नाही. पुण्याला समुद्र नाही हे तिला माहीत होतं. तिनं बॅग भरली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “एक हरकत फक्त. माणसं आहेत ना तिथली? एकाला तरी काहीतरी दिसेलच की. लवकर या.”

कुंजुवरीत मोठ्या आशेनं पुण्यात उतरला. मराठी माणूस कशालाही हरकत घेतो, अशी त्याच्या कानावर ख्याती होती. कोथरूड शाखेच्या दारात तो खालची तारीख वगळून चिन्हाचं चित्र घेऊन उभा राहिला आणि रांचीत शिकलेल्या हिंदीत प्रत्येक खातेदाराला विचारू लागला, “यात आपल्याला काय दिसतं?”

आठ दिवसांत अकराशे माणसं झाली. आठशे चौऱ्याहत्तर जणांनी विचारलं, “कसलं चिन्ह?” एकशे चाळीस जण म्हणाले, हेच तर आहे ना पहिल्यापासून. एकसष्ट जणांनी त्याला मशिनमधून पासबुक का छापून येत नाही ते विचारलं. तेवीस जणांनी मजकुरात शुद्धलेखनाची चूक काढली (मजकूर नव्हता). एक जण म्हणाला, माझ्या भाच्यानं पाच हजारांत करून दिलं असतं. राहिले एक वृद्ध गृहस्थ. ते थांबले. चष्मा चढवला, चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

“तुम्ही हे,” गृहस्थ म्हणाले, “वाटेत उभे राहून दाखवताय.” आणि आत गेले.

नवव्या दिवशी त्यानं उलटं चित्र दाखवलं. छान आहे, म्हणाले. पाठमोऱ्या सोंडा दाखवल्या, एकच सोंड दाखवली. चांगलं आहे की. दहाव्या दिवशी त्याचा धीर सुटला. त्यानं कोरा पांढरा कागद घेतला, खाली ‘हे चिन्ह मला मान्य आहे’ असं छापून सहीला जागा ठेवली आणि तो पुढे करू लागला. यावर तरी कुणीतरी म्हणेल, अहो, इथे काहीच नाही. तेवढं एक वाक्य त्याला हवं होतं. त्या वाक्यावर तो संध्याकाळची गाडी पकडून ओल्लूरला गेला असता.

अकराशेपैकी अकराशे सह्या झाल्या. अनेकांनी ‘साधं आहे, आवडलं’ असा शेराही दिला. टंडनसाहेबांना अहवाल मिळाला तेव्हा ते हर्षभरित झाले. महाराष्ट्रापुरतं कोरं चिन्ह कायम करण्यात आलं, त्यात रंगाचे साडेतीन कोटी वाचले, आणि अशा गुणी ग्राहकांचा सखोल अभ्यास व्हावा म्हणून कुंजुवरीतला निवृत्तीपर्यंत तिथून हलवू नये असा ठराव झाला. तो अजून तिथेच आहे.

सावळासा, पांढऱ्या मिशांचा, मवाळ बोलणारा माणूस. तुमच्या शाखेच्या दारातही आला होता. हातात कागद होता, ‘बघा ना जरा नीट’ असं दोनदा म्हणाला. तुम्ही घाईत होता. कागदाकडे न बघता सही केलीत, आणि त्याचं पेन खिशात घालून निघून गेलात.